एड्सचें औषध व पतिपत्नी : नऊ देशांनीं मिळून काढिलेलें उत्तर

आपल्यांपैकीं जे खेडोपाडीं घरोघर भेटी देतात त्यांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. पतिपत्नींपैकीं एकाच्या रक्तांत एच.आय.व्ही. आहे, दुसऱ्याच्या नाहीं. तर त्यांनीं एकत्र नांदावें कीं काय? पुष्कळ ठिकाणीं ह्याचें उत्तर सासरचीं माणसेंच देऊन टाकितात व बायकोस माहेरीं धाडितात. मग रोग दोघांपैकीं कोणाच्याही अंगीं असो. ह्या प्रश्नाचें खरें उत्तर कसें मिळालें तें आज पाहूं.

हा विषाणु १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये ह्यांनीं शोधून काढिला. तो रक्तांतील संरक्षक पेशींचा नाश करितो. शरीरसंबंधानें, दूषित रक्तानें वा सुईनें, आणि मातेपासून बालकास तो लागतो; एका ताटांत जेवल्यानें किंवा एका तांब्यानें पाणी प्यायल्यानें लागत नाहीं. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची रीत निघाली. तिनें विषाणु समूळ जात नाहीं, पण दबून राहतो.

मग डॉक्टरांस वाटूं लागलें कीं, ज्याच्या अंगीं विषाणु दबला त्याच्यापासून जोडीदारासही तो लागत नसावा. परंतु वाटणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. म्हणून अमेरिकेंतील डॉ. मायरन कोहेन ह्यांच्या नेतृत्वाखालीं बोट्स्वाना, ब्राझील, भारत, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, थायलंड, अमेरिका व झिंबाब्वे ह्या नऊ देशांत एकाच नियमानें एकच प्रयोग करण्यांत आला. भारतांतील ठिकाणें चेन्नई व आपलें पुणें. एकंदर १७६३ जोडपीं त्यांत सामील झालीं. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडिले. एका गटांतील बाधितांस औषध ताबडतोब, दुसऱ्यांतील बाधितांस पेशी बऱ्याच घटल्यावर किंवा आजार दिसूं लागल्यावर. निरोध व सल्ला मात्र सर्वांस दिला.

कोणी म्हणेल, औषध थांबवून ठेवणें न्यायाचें होतें काय ? विचारणें रास्त आहे. पेशी पुरेशा असतां औषध केव्हां सुरू करावें ह्याविषयीं त्या काळीं वैद्यांतच मतभेद होता, एवढेंच त्याचें समर्थन. पुढें एप्रिल २०११ मध्यें देखरेख करणाऱ्या मंडळानें आंकडे पाहिले आणि मुदतीची वाट न पाहतां निकाल जाहीर करविला. मग सर्वांसच औषध देऊं केलें.

निकाल असा. कांहीं जोडीदारांस नवी लागण झाली होती. ती घरच्याच माणसापासून झाली कीं बाहेरून, हें विषाणूची जणुं वंशावळ ताडून पाहून ठरविलें. घरांतून लागण झालेले २८ निघाले. त्यांपैकीं २७ उशिरा औषध मिळालेल्या गटांतील, आणि लवकर औषध मिळालेल्या गटांतील अवघा १. म्हणजे शेंकडा ९६ धोका टळला. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रोग कळतांच सर्वांस औषध द्यावें असें सांगितलें. भारत सरकारनें २०१७ पासून तसें केलें.

पण ज्ञान झालें तरी औषध परवडलें पाहिजे. पूर्वीं वर्षाच्या औषधास १०,००० डॉलरांहून अधिक पडत. फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तें परोपकारी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघास ३५० डॉलरांत देऊं केलें. मुंबईच्या ह्या कामाचा लाभ आफ्रिकेंतील गरिबांस झाला, हें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक असतें. मात्र असल्या सहकार्याचा धागा नाजूक असतो. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकन सरकारनें परदेशांची मदत एकाएकीं रोखिली, तेव्हां आफ्रिकेंत कित्येक दवाखाने बंद पडले. औषध तुटलें कीं दबलेला विषाणु पुन्हां वाढतो.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत हें औषध १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळूं लागलें. तेव्हां विचारणाऱ्या जोडप्यास सांगावें कीं, औषध रोज नेमानें घ्या, विषाणु दबला असें रक्ततपासणींत दिसेपर्यंत निरोध वापरा, आणि एकत्र नांदा. सासरच्या माणसांसही सांगावें कीं, २०१७ च्या कायद्याप्रमाणें ह्या रोगाच्या कारणानें स्त्रीस राहत्या घराबाहेर काढितां येत नाहीं.