पळस फुलला, नोंद केली का?

गेल्या फाल्गुनात आम्ही घरची मंडळी लातूरहून नांदेडमार्गे किनवटला गेलो. लातूरकडे जंगल थोडे. किनवट-माहूर भागात मात्र रान आहे आणि त्यात पळस भरपूर. बरोबर ताईची आठ महिन्यांची मुलगी होती. तिचा हा पहिलाच वसंत.

दहा वाजता ऊन तापू लागले. बाळाला निजवायला ताई सावली शोधू लागली. सभोवती सारे केशरी झालेले, पण पळसाखाली सावली नाही! फांद्यांवर नुसती फुले, पान एकही नाही. शेवटी एका आंब्याखाली सतरंजी अंथरली. आजी म्हणाली, "उन्हाळ्याच्या तोंडावरच याने पाने का बरे टाकली?"

प्रश्न साधा, पण उत्तर गमतीचे आहे. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून झाडातील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाते. जमीन कोरडी पडू लागली की हा खर्च परवडत नाही. म्हणून पळस पाने गाळतो आणि खोडामुळांत साठवलेल्या अन्नावर फुलतो.

यात दुसराही फायदा आहे. पाने आड येत नसल्याने फुले दुरून दिसतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पक्ष्यांना तो चांगला दिसतो. मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी येतात आणि पराग या फुलावरून त्या फुलावर नेतात.

खाली पडलेले एक फूल उचलून पाहा. पाकळ्या पाच. एक मोठी, निशाणासारखी. दोन बाजूंना पंखांसारख्या. उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून राघूच्या चोचीसारख्या वाकलेल्या. म्हणूनच संस्कृतात पळसाला 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' असे नाव आहे. ती चोच उघडा; आत दहा पुंकेसर सापडतील. नऊ जोडलेले, एक सुटा. वाटाण्याच्या फुलातही हीच रचना दिसते, कारण दोघे एकाच कुळातले.

शेंग चपटी, हलकी. तिच्या टोकाशी एकच बी. ती उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते आणि वाऱ्याबरोबर दूर जाते. लवकरच पाऊस येतो आणि बी रुजते. म्हणजे फाल्गुनातल्या फुलाचे गणित मृगाच्या पावसाशी जुळलेले आहे.

जपानमध्ये चेरी फुलली की कुटुंबे तान्ह्या मुलांसह झाडांखाली जमतात. तेथील क्योतो शहरात चेरी कधी बहरली याच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांत आणि इतर जुन्या कागदपत्रांत सापडतात. 2021 साली हा बहर 26 मार्चला आला. तोपर्यंतच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. वसंत ऋतू अधिक उबदार होत असल्याची ही साक्ष. रोजनिशी लिहिणाऱ्यांना याची कल्पनाही नसेल!

आपल्या गावच्या पळसाची अशी नोंद कोणी ठेवली आहे का? परतल्यावर आम्ही बाळाच्या नावाने एक वही घातली.

करून पाहा : शाळेजवळचा एक पळस निवडा. पहिले फूल, भर बहर, पहिले कोवळे पान आणि पहिली पिकलेली शेंग यांच्या तारखा दरवर्षी लिहा. झाड तेच ठेवा. शाळा सोडताना वही खालच्या वर्गाकडे सोपवा. एका वर्षाच्या तारखेवरून फारसे कळत नाही. तीस वर्षांच्या तारखा मात्र बोलू लागतात.