पोर्ट ४४३ अडलं तर: नव्या सिस्टम अ‍ॅडमिनसाठी कानमंत्र

सर्व्हरच्या कामाला नव्यानं लागलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एवढंच सांगतो, की साइट उघडत नाही म्हणून फायरवॉल बंद करायची नाही. बंद केलीस तर साइट कदाचित लगेच उघडेल, साहेब खूशही होतील. पण दोष कुठे होता ते कळणार नाही आणि शेजारचा डेटाबेस साऱ्या जगाला उघडा पडेल. आपलं काम आहे पॅकेट नेमकं कुठे थांबतंय ते शोधणं आणि तेवढीच वाट मोकळी करणं.

एरर शब्दन् शब्द वाच. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर पलीकडून उत्तर आलंय. बहुतेक वेळा ४४३ वर कुठली सेवा चालूच नसते, म्हणून आधी एनजिनएक्स किंवा अपाची उठलंय का ते बघ. 'टाइम्ड आउट' आलं, तर वाटेत कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिलंय. ड्रॉप नियमाची ही ठळक खूण. 'नो रूट टू होस्ट' मात्र भल्याभल्यांना चकवतं. रेड हॅट घराण्यातल्या मशीनवर फायरवॉलडी नकार देताना जो आयसीएमपी निरोप पाठवते, तो समोरच्या मशीनवर याच शब्दांत दिसतो. अशा वेळी राउटिंग टेबल उकरत बसण्याआधी फायरवॉलचे नियम तपास. पिंगवर तर विसंबूच नकोस. पिंग चालतं म्हणून ४४३ उघडं असतं असं नाही आणि पिंग बंद आहे म्हणून सर्व्हर पडला असंही नाही.

आतून बाहेर ये. आधी सर्व्हरवरच 'एसएस -टीएलएनपी' चालव आणि ४४३ ची ओळ शोध. तिथे १२७.०.०.१:४४३ असेल, तर सेवा फक्त स्वतःशीच बोलतेय. फायरवॉल कितीही उघडलीस तरी बाहेरच्याला उत्तर मिळणार नाही. ०.०.०.०:४४३ असेल तर पुढे सरक. सर्व्हरवरूनच कर्ल करून पाहा, मग त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या मशीनवरून आणि शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून. जिथे उत्तर यायचं थांबलं, त्याच टप्प्यावर अडथळा आहे.

नियम असून भागत नाही, त्याची जागा बघ. आयपीटेबल्समध्ये नियम वरून खाली तपासले जातात आणि जो आधी जुळेल तो निकाल लावतो. पाचव्या ओळीवर 'सगळं नाकारा' असेल आणि तुझं '४४३ येऊ द्या' सहाव्या ओळीवर, तर ते असून नसल्यासारखं. ओळींच्या क्रमांकांसह यादी काढ आणि आपला नियम नकाराच्या वर घाल. फायरवॉलडीत वेगळी मेख आहे. 'पर्मनंट' न लिहिता दिलेला नियम रीबूटनंतर राहत नाही आणि 'पर्मनंट' लिहून दिलेला नियम रीलोड केल्याशिवाय लागू होत नाही. दोन्ही बाजू सांभाळ.

भिंत एकच आहे असं धरून चालू नकोस. क्लाउडवर मशीनच्या बाहेर सिक्युरिटी ग्रुप असतो, त्याच्याही बाहेर नेटवर्क एसीएल असू शकते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरची नेटवर्क एसीएल आलेलं कनेक्शन लक्षात ठेवत नाही. त्यामुळे आत येणारं ४४३ उघडून भागत नाही, परत जाणाऱ्या उत्तरांसाठी १०२४ ते ६५५३५ हे पोर्टही बाहेरच्या दिशेनं मोकळे लागतात. डोमेनला आयपीव्ही६ चा पत्ता जोडलेला असेल, तर त्याचे नियम वेगळे तपास. काहींना साइट दिसते, काहींना नाही, यामागे बरेचदा हेच असतं. आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट एचटीटीपी पडताळणीनं घेत असशील, तर पोर्ट ८० बंद करू नकोस. आज सगळं चालेल, पण पुढचं नूतनीकरण अडेल.

तर्क संपले की टीसीपीडम्प लाव. सर्व्हरवर ४४३ चं येणंजाणं डोळ्यांनी पाहा. टीसीपीडम्पला येणारं पॅकेट मशीनच्या फायरवॉलआधीच दिसतं. म्हणून बाहेरून प्रयत्न करूनही 'सिन' पॅकेट दिसलंच नाही, तर अडथळा मशीनच्या बाहेर आहे. तेव्हा क्लाउडचे नियम तपास किंवा नेटवर्कवाल्यांना गाठ. 'सिन' येतंय पण 'सिन-अ‍ॅक' जात नाही, तर आपल्याच मशीनची फायरवॉल तपास. कनेक्शन जुळतं आणि सर्टिफिकेट येण्याच्या वेळी सगळं गोठतं, तर एमटीयूचा संशय घे. सर्टिफिकेटची पॅकेट मोठी असतात. वाटेत १५०० बाइटपेक्षा अरुंद टप्पा असेल आणि 'पॅकेट लहान करा' हा आयसीएमपी निरोप कुणी अडवला असेल, तर सर्व्हर तीच मोठी पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. म्हणून आयसीएमपी सरसकट बंद करू नये.

नियम बदलण्याआधी परतीची सोय कर. लांबच्या मशीनवर काम करताना एसएसएचचं दुसरं सत्र उघडं ठेव आणि २२ चा नियम शाबूत आहे याची खात्री कर. 'आयपीटेबल्स-अप्लाय' वापरलंस, तर ठरलेल्या वेळात होकार न दिल्यास जुने नियम आपोआप परत येतात. फायरवॉलडीत नियमाला 'टाइमआउट' देता येतो. एका वेळी एकच बदल कर, लगेच तपास, उपयोग झाला नाही तर मागे घे. निदानासाठी तात्पुरतं उघडलेलं सगळं त्याच दिवशी बंद कर.

दोष सापडला की काय अडलं होतं, कुठे अडलं होतं आणि कोणता नियम का घातला, हे तारखेसह लिहून ठेव. रात्री दोन वाजता फोन येईल तेव्हा ड्यूटीवर तू असशीलच असं नाही. जो कुणी असेल, त्याला ती नोंद सापडली पाहिजे.