टप उघडेना! (एका जुन्या गाडीचे निदान)

मित्रांनो, 'कन्व्हर्टिबल' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जुन्या हिंदी सिनेमातला हीरो, घाटातला रस्ता आणि उघड्या गाडीत वाऱ्यावर उडणारी ओढणी! पण त्या गाडीचा टप बटण दाबल्यावर मागे कसा जातो, हा प्रश्न सिनेमा पाहताना कुणाला पडत नाही. आणि बटण दाबूनही तो जागचा हलला नाही तर काय करायचं, हा तर मुळीच नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

कुणी म्हणेल, "आपल्या वऱ्हाडात अशा गाड्या आहेतच कुठे?" फार नाहीत हे खरं. पण एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी निघते. शिवाय टपाचं तत्त्व आपल्याला नवीन नाही. कापूस नाहीतर रेती आणणारी ट्रॅक्टरची टिपिंग ट्रॉली आपण रोज पाहतो. पंप तेल ढकलतो, सिलिंडरचा रॉड बाहेर येतो, ट्रॉली उचलली जाते. फरक एवढाच, की ट्रॉलीत बहुधा तेल एकाच बाजूने ढकलतं आणि ट्रॉली खाली येते ती स्वतःच्या वजनाने. टप मात्र उचलावाही लागतो आणि ओढून दुमडावाही लागतो. म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी तेल घेणारा, म्हणजे डबल ॲक्टिंग सिलिंडर असतो.

थोडा इतिहास

१९३९ मध्ये अमेरिकेच्या प्लायमाउथने इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा टप बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्सने विजेची मोटर आणि तेलाचा पंप यांची जोडी वापरली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात 'स्कायलायनर' मॉडेलमध्ये अख्खा पत्र्याचा टप डिकीत घडी करून ठेवायची करामत केली. त्यासाठी गाडीत सुमारे ६०० फूट वायर होती! ती दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची कीव करावी तेवढी थोडी.

आपल्याकडे सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लायमाउथ या गाड्या जोडल्या जात. पुढे परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं आली. त्यामुळे देशात ज्या होत्या त्याच वर्षानुवर्षं जपाव्या लागल्या. नवीन पार्ट मिळायचा नाही, म्हणून जुना पार्ट दुरुस्त करण्यात आपले मिस्त्री तरबेज झाले. हे कौशल्य कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

टपाची रचना

मागच्या सीटच्या पाठीमागे एक मोटर-पंप-टाकी असा एकत्र संच असतो. पंपापासून दोन तेलवाटा निघतात. एक दोन्ही सिलिंडरच्या खालच्या तोंडांना जाते, दुसरी वरच्या तोंडांना. मोटर एका दिशेने फिरली की तेल खालून शिरतं आणि टप वर येतो. उलट फिरली की वरून शिरतं आणि टप मागे दुमडतो. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत मोटरला दोनच वायरी येतात, एक 'वर'ची, एक 'खाली'ची. मग परतीची वायर कुठे? ती नसतेच! करंट मोटरच्या बॉडीतून गाडीच्या पत्र्यात आणि पत्र्यातून बॅटरीत परततो. यालाच आपण अर्थ म्हणतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे टपाचे भाग तीन झाले : वीज, तेल आणि सांगाडा. दोष या तिन्हींपैकी कुठे आहे हे आधी ठरवायचं, मगच पाना हातात घ्यायचा.

आधी कान, मग डोळे, मग मीटर

माझे मामा अकोल्याला गॅरेज चालवतात. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे : "खोलाची घाई नको करू बाबू. आधी आयक, मंग पाह्य, मंग मोज." बटण दाबल्यावर काय ऐकू येतं त्यावरून अर्धं निदान होतं.

१. काहीच आवाज नाही : दोष विजेत. बॅटरी, सर्किट ब्रेकर, बटण, वायर, अर्थ या क्रमाने तपासा.

२. मोटर मोकळी, भरभर फिरते, पण टप हलत नाही : दोष तेलात. टाकीत तेल कमी, तेलात हवा, पंप झिजलेला, किंवा मोटर आणि पंप यांचा जोड तुटलेला.

३. मोटर कण्हते, टप थोडा उचलून थांबतो : एकतर मोटरला पुरती वीज मिळत नाही, नाहीतर सांगाडा कुठेतरी अडकतो आहे.

४. एक बाजू पुढे, दुसरी मागे : ताबडतोब बटण सोडा! एका सिलिंडरचं सील गेलं असेल, पाइप दबला असेल, किंवा त्या बाजूचा सांधा जाम असेल. तसंच दाबत राहिलात तर सांगाडा वाकतो, आणि वाकलेला सांगाडा सरळ करणं हे मोटर बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

आणि हो, सगळ्यात आधी काचेच्या चौकटीवरच्या कड्या सोडल्या आहेत का ते पाहा. हसू नका, कडी लावलेली ठेवून टप उचलायला पाहणारे भरपूर आहेत.

अकोल्याची इम्पाला

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे १९६० च्या दशकातली एक शेवरोले इम्पाला आली. मालक सत्तरीच्या पुढचे. गाडी त्यांच्या वडिलांची. नातीचं लग्न बारा दिवसांवर, आणि वरात याच गाडीतून उघड्या टपाने काढायची असं त्यांनी तिला ती लहान असताना कबूल केलेलं. लग्नासाठी म्हणून गाडी नव्याने रंगवून घेतली, आणि नेमका तेव्हापासून टप अर्ध्यावर अडू लागला. आधी दाखवलेल्या एका मिस्त्रीने निकाल देऊन टाकला होता : "मोटर गेली हिची. पंप, सिलिंडर सारं काढून टाका अन् टप उघडाच वेल्डिंग करून बसवा." काका मामांना म्हणाले, "भाऊ, पाऊस आला तर सीटा भिजतील, ते मी पाहून घेईन. पण बाबांनी हे बटण दाबलेलं मी पाह्यलं आहे. ते कापून टाकायला जीव होत नाही." मामांनी एकच उत्तर दिलं, "काका, उद्या सकाळपर्यंत काहीच कापू नका."

लक्षण तिसऱ्या प्रकारचं होतं. मोटर कण्हत होती. मी मल्टिमीटर लावला. बटण न दाबता बॅटरी १२.५ व्होल्ट. मोटरकडे येणारी वायर सोडवली आणि बटण दाबून तिच्या टोकाला मोजलं, तिथेही १२.५. पुस्तकी हिशेबाने वीज ठीक, म्हणजे मोटर खराब! आधीच्या मिस्त्रीचा निकालही बहुधा याच वाटेने आला असावा. मामा म्हणाले, "वायर जोड. आता मोटर चालू असताना मोज."

वायर जोडून, बटण दाबून धरून मोजलं तेव्हा चित्रच बदललं. बॅटरीवर ११.८ व्होल्ट, मोटरवर फक्त ८.१. मधले ३.७ गेले कुठे? बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या वायरीपर्यंत ०.६. आणि मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तब्बल ३.१! म्हणजे चोर परतीच्या वाटेवर होता.

सीट काढली. आवाज आणि कंप कमी व्हावा म्हणून मोटर रबरी बुशांवर बसवलेली असते. त्यामुळे तिचा अर्थ एका छोट्या पट्टीतून पत्र्याला जोडतात. रंगकाम करताना ती पट्टी सोडली होती, खालचा पत्रा रंगवला होता, आणि स्क्रू पुन्हा त्या ताज्या रंगावरच आवळला होता. धातूला धातू लागत होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांपुरता. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वायसर टाकून स्क्रू आवळला, वरून गंज धरू नये म्हणून व्हॅसलीन लावलं. पुन्हा मोजलं तर ३.१ चे ०.१ झाले होते. मोटरचा कण्हण्याचा आवाज गेला. खर्च? एक वायसर आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

टप उचलला, पण डावी बाजू किंचित मागे राहत होती. मग दोन्ही सिलिंडरच्या वरच्या पिना काढल्या आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून टप हाताने उचलून पाहिला. उजवा सांधा लोण्यासारखा, डावा कुरकुरत. त्यात काळ्या मातीची धूळ आणि जुनं ग्रीस यांचा गोळा झालेला. तो साफ करून तेल दिलं, पिना लावल्या, आणि टप सरळ उठला. डाव्या सिलिंडरच्या रॉडवर तेलाचा ओलावा दिसत होता. तेवढं सील पावसाळ्याआधी बदलायचं असं ठरलं. वरात ठरल्याप्रमाणे निघाली, आणि मोटर, पंप, बटण सगळं मूळचंच राहिलं.

यातलं इंजिनिअरिंग

वायर सोडवून मोजलं तेव्हा मीटरने १२.५ का दाखवले? ओमचा नियम आठवा, V = IR. सोडवलेल्या वायरीतून करंट जवळजवळ शून्य, म्हणून वाटेतल्या रोधावर व्होल्टेजची घटही शून्य. रोध तिथेच असतो, पण दिसत नाही. आता धरा, रोध ०.१ ओम आहे आणि मोटर ४० अँपिअर घेते. घट झाली ४ व्होल्ट! शिवाय I²R काढा : १६०० गुणिले ०.१ म्हणजे १६० वॅट. एवढी उष्णता त्या एका स्क्रूपाशी. म्हणून बटण सोडल्यावर जोड हळूच बोटाने चाचपून पाहिला तरी दोष सापडू शकतो. मीटर नसेल तर हीसुद्धा एक चाचणीच.

सूत्र बारावीतलं आहे, आपण सगळ्यांनी पाठ केलेलं. पण मीटर कुठे लावायचा आणि केव्हा लावायचा, हे सूत्र सांगत नाही. दोष भाराखालीच दिसतो, आणि म्हणून मोजमापही भाराखालीच घ्यायचं.

तेलाबाबत तीन गोष्टी

पहिली, काही जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइल असतं, नंतरच्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. दोन्ही मिसळू नका. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, दुसरं खनिज तेल. एकाला चालणारं रबर दुसऱ्यात फुगतं. शिवाय ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं. दुसरी, तेलाची पातळी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीतच पाहा. रॉड आत शिरतो तेव्हा तो सिलिंडरमधली जागा व्यापतो आणि तेवढं तेल टाकीत परततं, म्हणून टपाच्या स्थितीप्रमाणे पातळी बदलते. तिसरी, तेल भरल्यावर टप काही वेळा वर-खाली करून हवा निघू द्या, मग पातळी पुन्हा पाहा.

सुरक्षितता

गाडी थांबलेली, हँडब्रेक लावलेला. इंजिन चालू ठेवायचं असेल तर गाडी शेडबाहेर काढा, धूर बंद जागेत जीवघेणा ठरतो. सांध्यांजवळ कुणाची बोटं नाहीत हे तोंडाने विचारून खात्री करा. टप दुमडायच्या जागेत सामान नको. ओला टप घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात कापड आणि रबर दोन्ही कडक होतात, म्हणून गाडी सावलीत ठेवा. आणि टप शेवटाला पोचला की मोटरचा आवाज बदलतो, त्या क्षणी बटण सोडा.

शेवटी एकच

आपल्या लॅबमध्ये दोष नसलेली यंत्रं असतात. रीडिंग घ्यायचं, जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची. बाहेर मात्र यंत्र आपल्याकडे येतं तेच बिघडल्यावर, आणि सोबत बहुतेक वेळा कुणाचा तरी निकालही येतो : "मोटर गेली, बदलून टाका." बदलून टाकायला इंजिनिअर लागत नाही. माझी सरांना विनंती आहे, की वर्कशॉपच्या एखाद्या प्रॅक्टिकलला मुद्दाम एक ढिला अर्थ, एक जाम सांधा ठेवावा आणि आम्हाला तो शोधू द्यावा. आणि मित्रांनो, तुमच्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये सेल्फ न घेणारी एखादी बाइक उभी असेलच. तिच्या बॅटरीवर मीटर लावा, बटण दाबा, आणि दाबलेलं असतानाच मोजा.