यकृतातील मेदाचे स्वयंचलित मापन : अहवालाचा अर्थ व मर्यादा

यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूलस्थाने होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेविसाव्या अध्यायात वर्णिलेले संतर्पणाचे हेतू आणि आज ‘फॅटी लिव्हर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्याधीचे हेतू यांत मोठे साम्य आहे. रुग्ण बहुधा लक्षणरहित असतो. म्हणून निदानाचा भार प्रतिमांवर पडतो. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेद आढळल्यास व्याधी मानली जाते. नेहमीच्या सोनोग्राफीत मात्र अल्प मेद अनेकदा निसटतो आणि ‘ग्रेड’ बव्हंशी तपासणाऱ्याच्या दृष्टीवर ठरते.

स्वयंचलित मापन कसे होते?

सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफील्ड एककात मिळते. पाणी ० आणि मेद सुमारे उणे १०० धरला जातो. निरोगी यकृत साधारणतः ५० ते ६५ एकक असते. मेद वाढला की हा आकडा उतरतो. संगणक यकृताची सीमा स्वतः आखून संपूर्ण अवयवाची सरासरी काढतो. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९,५५२ प्रौढांच्या स्कॅनवर अशी मोजणी करण्यात आली. अन्य कारणास्तव केलेल्या स्कॅनमधूनही ही माहिती मिळते, हा तिचा खरा लाभ. केवळ मेद शोधण्यासाठी मात्र रुग्णास क्ष-किरणांचा मारा देणे युक्त नव्हे.

मर्यादा

रंगद्रव्य न देता काढलेल्या स्कॅनमध्ये ४० एककांखालील आकडा मध्यम वा तीव्र मेदसंचय सुचवतो. सौम्य संचय निसटू शकतो. यकृतात लोह साठल्यास घनता वाढून मेद झाकला जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा आकडा मेद सांगतो, तंतुमयता सांगत नाही. आणि रुग्णाचे भवितव्य मुख्यतः तंतुमयतेवर ठरते.

पुढील पायरी

यासाठी ‘फिब-४’ हे सोपे गणित आहे. वयास एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट (हजारांत) व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. समजा, ‘ग्रेड १’ अहवाल घेऊन आलेल्या रुग्णाचे वय ५२, एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४ व प्लेटलेट १,८०,००० आहेत. ५२ × ५८ = ३०१६; १८० × ८ = १४४०; उत्तर २.०९. उत्तर १.३ हून कमी असल्यास धोका अल्प (वय ६५ हून अधिक असल्यास ही मर्यादा २.० धरावी), २.६७ हून अधिक असल्यास यकृततज्ज्ञाकडे पाठवावे. मधल्या आकड्यास फायब्रोस्कॅन करावा. ८ किलोपास्कलखाली धोका कमी. म्हणजे ‘ग्रेड १’ पाहून निश्चिंत राहिलो असतो, तर या रुग्णाची आवश्यक तपासणी राहून गेली असती.

चिकित्सक व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

केवळ अहवाल पाहून यकृतौषधींची बाटली हाती देऊ नये. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, हे ध्यानी ठेवून ती अशा रुग्णास वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत. चिकित्सा आरंभण्यापूर्वी यकृताच्या रक्तचाचण्यांची नोंद घ्यावी, तसेच मद्यपान व मधुमेह यांविषयी अवश्य विचारावे. लंघन, व्यायाम व पथ्य यांनी वजन ७ ते १० टक्के घटल्यास यकृताचा दाहही उतरतो. निदानपरिवर्जन हे आपले आद्य सूत्र येथेही उपकारक ठरते. यंत्राचा आकडा हा विचाराचा आरंभ समजावा, निष्कर्ष नव्हे.