रात्रभर नको, एक तास बस

निर्मळ, वसई

प्रिय बाळा,

इंदूरच्या तुमच्या चर्चमध्ये चाळीस तासांची आराधना आहे आणि तुला रात्रभर बसायचं आहे, असं तू लिहिलंस. हौस चांगली आहे, पण रात्रभर नको. एक तास घे आणि तो नीट पाळ.

चाळीस तास म्हणजे ख्रिस्त कबरेत होता तो काळ, अशी परंपरा. 1530 च्या दशकात मिलानमध्ये ही प्रथा रुजली. 1592 मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांनी रोममध्ये असा क्रम लावून दिला, की एका चर्चमधली आराधना संपते न संपते तोच दुसऱ्यात सुरू व्हावी. तेव्हा ही भक्ती मुळापासून पाळीची आहे, एकट्याच्या पराक्रमाची नव्हे. परमप्रसाद वेदीवर मांडला की समोर कुणीतरी हवंच. रात्री दहाला बाक भरलेले असतात. माणसं कमी पडतात ती पहाटे तीनला. पाळ्यांच्या वहीत तिथे नाव लिही.

आत गेलास की गुडघा टेक, मग खुशाल बस. असाइनमेंट, मेस, घर, सगळं डोक्यात येईल. येऊ दे. एखादं स्तोत्र वाच, रोझरी म्हण, नाहीतर नुसता गप्प राहा. डुलकी येऊ लागली तर उभा राहा. काहीच वाटलं नाही म्हणून तास फुकट गेला असं समजू नकोस. आजीकडे गेलं की दरवेळी गहिवर येतो थोडाच! पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर तो येईपर्यंत जागा सोडू नकोस. आणि वेदीचा फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही. ही मात्र सक्त ताकीद.

नुसतं बसून काय होतं असं विचारशील, तर तू राहतोस तो धर्मप्रांत सिस्टर राणी मारिया यांचा. उदयनगरच्या आदिवासी शेतकऱ्यांना त्या सावकारांच्या पाशातून सोडवत होत्या, म्हणून 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसने इंदूरला येताना त्यांचा खून झाला. 2017 मध्ये इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं. मला जास्त हलवते ती त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल. 2002 मध्ये तुरुंगात जाऊन तिने मारेकऱ्याला राखी बांधली. इतकी क्षमा एका दिवसात अंगी येत नाही. वर्षानुवर्षं वेदीपुढे बसूनच ती येत असावी, असं मला वाटतं.

म्हणून सांगते, तुझ्या रूमवरच्या मुलाशी अबोला आहे ना, तो तासाला बसण्याआधी मिटव. तो नाही बोलला तरी तू बोल.

रात्री खंडवा रोडने एकट्याने बाइकवर परतू नकोस. उजाडल्यावर बसने सिमरोलला रूमवर जा, आणि सकाळचं लेक्चर बुडवू नकोस.

तुझी,
आत्या