घरभाडे, लाईटचे पैसे आणि कायदा

खेड्यातून बुलढाण्यास शिकावयास आलेल्या ज्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याला भाड्याची खोली पाहावी लागते. खोलीचे भाडे आधी ठरते. लाईटचे व पाण्याचे पैसे मात्र महिनाअखेरीस मालक सांगेल तितके. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील सोयाबीन विकून जे पाठवितात, त्यातील प्रत्येक रुपया मी वहीत मांडतो. त्या वहीत लाईटच्या रकमेपुढे लावावयास पावती नाही. म्हणून कायदा काय म्हणतो, ते पाहावयाचे ठरविले.

आपल्या विदर्भात पूर्वी सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. मुंबईकडे १९४७ चा, तर मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. हे तिन्ही जाऊन ३१ मार्च २००० पासून ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ अमलात आला. त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या शहरांना तो लागू आहे.

त्यातील तीन कलमे आपल्या उपयोगाची आहेत. कलम २६ प्रमाणे जागेसंबंधी घेतलेल्या कोणत्याही रकमेची लेखी पावती मालकाने तेव्हाच दिली पाहिजे. कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणावाचून भाडेकरूचे पाणी वा वीज त्याला तोडता येत नाही. तोडल्यास भाडेकरूने न्यायालयात अर्ज करावा. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

येथे एक मेख आहे. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा हा कायद्याने भाडेकरू नव्हे. त्याला कलम २९ चा आधार सहज मिळेल असे नाही. म्हणून लाईट-पाण्याचा हिशेब करारातच लिहून घेणे त्याला अधिक अगत्याचे आहे.

आता मीटरकडे वळू. घरगुती विजेचा दर टप्प्याने वाढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग. समजा, चार खोल्यांत प्रत्येकी ६० युनिटे जळतात. एकाच मीटरवर ती २४० होतात आणि १४० युनिटांना वरचा दर लागतो. मीटर वेगळे असते, तर कोणीही वरच्या टप्प्यात गेले नसते. अर्थात प्रत्येक मीटरचा स्थिर आकार मात्र भरावा लागला असता. तेव्हा वाढीव बिलाचा सगळा दोष मालकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंतु महावितरणचे बिल न दाखविता युनिटमागे मनाचा दर लावणे, हेही न्यायाचे नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पाण्याचेही तसेच. येळगाव धरणाचे पाणी अपुरे पडून टँकर आणावा लागला, तर खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. पण टँकरची पावती सर्वांना दिसावी.

मालकाशी भांडण काढावे, असे मला सुचवावयाचे नाही. परगावी त्याचाच आधार असतो. परंतु खोली घेताना तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात : मीटर कोणाचे, दर कोणता आणि पावती मिळेल काय? कायदा पुस्तकात असतो. त्याला कामास लावते ती पावती.