नौकेवरील सौर बॅटरी आणि तिचे उष्णतामान

चिपळूण तालुक्यातील अलोरे या गावाचे नाव विजेशी जोडलेले आहे. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॅट क्षमतेचे वीजगृह येथे आहे. कोळकेवाडी धरणाचे पाणी या वीजगृहातून वाशिष्ठी नदीस मिळते आणि ही नदी चिपळूणवरून वाहत जाऊन दाभोळच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. परंतु वीजगृहाची तार खाडीतील नौकेपर्यंत नेता येत नाही, आणि डोंगरउतारावरील दूरच्या शेतातही ती सर्वत्र पोहोचत नाही. अशा दोन्ही ठिकाणी आज सौर पॅनेल आणि बॅटरी यांचाच आधार घेतला जातो.

नौकेवर या बॅटरीने दिवे, बिनतारी संच व मासे शोधण्याचे यंत्र चालते. पुष्कळ ठिकाणी इंजिन सुरू करण्याचे कामही तिच्यावरच असते. शेतात तीच बॅटरी रानडुकरांपासून भाताचे रक्षण करणाऱ्या कुंपणास झटका पुरविते. भात लोंबीवर आले असता कुंपण एक रात्र बंद पडले, किंवा ओहोटीच्या वेळी अंधारात इंजिन सुरू झाले नाही, म्हणजे बॅटरीची खरी किंमत कळते. पॅनेल नवे असून, ऊनही भरपूर असून बॅटरी एकदोन वर्षांतच निकामी झाली, तर दोष बहुधा पॅनेलला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष असतो तो बॅटरीचे उष्णतामान न पाहता तिला वीज भरण्याचा.

उष्णतेचा बॅटरीवर होणारा परिणाम

शिसे व आम्ल यांच्या बॅटरीत वीज भरणे ही एक रासायनिक क्रिया आहे. उष्णता वाढली की ही क्रिया जलद होते. थंडीत ती मंदावते. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरण्यास लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्व काळी सारखा नसतो. तापलेल्या बॅटरीस कमी दाब पुरतो व थंड बॅटरीस अधिक दाब लागतो.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. सामान्यतः उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडने वाढले, तर प्रत्येक कप्प्यामागे सुमारे चार सहस्रांश व्होल्ट, म्हणजे संपूर्ण बॅटरीमागे सुमारे २४ सहस्रांश व्होल्ट, दाब कमी करावा लागतो. २५ अंशांस १४.४० व्होल्ट हा योग्य दाब धरल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

१५ अंश – १४.६४ व्होल्ट
२५ अंश – १४.४० व्होल्ट
३५ अंश – १४.१६ व्होल्ट
४५ अंश – १३.९२ व्होल्ट

निरनिराळ्या कारखान्यांच्या बॅटऱ्यांत हे आकडे थोडे बदलतात. म्हणून बॅटरीसोबत आलेल्या पत्रकातील आकडा प्रमाण मानावा.

हा फरक दिसावयास लहान असला, तरी त्याचा परिणाम मोठा असतो. वैशाखात इंजिनाशेजारी बसविलेली बॅटरी दुपारी ४५ अंशांपर्यंत तापू शकते. तिला १४.४० व्होल्टचा दाब दिल्यास जादा वीज बॅटरीतील पाण्याचे विघटन करण्यात खर्च होते. पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात व झिजतात. या वेळी सुटणारा हायड्रोजन वायू हवेत शेकडा ४ इतका झाला, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद पद्धतीच्या बॅटरीत तर पाणीही घालता येत नाही; ती फुगते. याउलट मार्गशीर्ष-पौषातील थंड सकाळी डोंगराकडील शेतातल्या बॅटरीस दाब अपुरा पडला, तर ती अर्धवट भरलेलीच राहते. तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो व तिची वीज साठविण्याची शक्ती कायमची घटते.

सेन्सरचे कार्य

पॅनेलकडून बॅटरीत जाणाऱ्या विजेवर ताबा ठेवणाऱ्या पेटीस चार्ज कंट्रोलर म्हणतात. चांगल्या कंट्रोलरला एक लांब तार जोडण्याची सोय असते व तारेच्या टोकाशी उष्णतामान ओळखणारा सेन्सर असतो. हा सेन्सर म्हणजे बहुधा थर्मिस्टर होय. तो तापला की त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो व थंड झाला की वाढतो. या बदलावरून कंट्रोलर बॅटरीचे उष्णतामान ओळखतो व दाब आपोआप कमीजास्त करतो.

काही कंट्रोलरांत सेन्सर पेटीच्या आतच बसविलेला असतो. कंट्रोलर व बॅटरी एकाच जागी असतील, तरच तो उपयोगी पडतो. नौकेवर तसे क्वचितच असते. समजा, कंट्रोलर तापलेल्या केबिनमध्ये ४५ अंशांवर आहे आणि बॅटरी तळाशी, पाण्याच्या गारव्यात, ३० अंशांवर आहे. कंट्रोलर १३.९२ व्होल्टवर थांबेल. बॅटरीस मात्र १४.२८ व्होल्ट हवे होते. ती रोज उपाशी राहील. आता उलट समजा : कंट्रोलर वाऱ्यावर २८ अंशांवर आणि बॅटरी इंजिनाशेजारी ४५ अंशांवर आहे. तर तिला सुमारे ०.४ व्होल्ट जादा दाब मिळून ती रोज उकळेल. तात्पर्य, मोजावयाचे ते बॅटरीचे उष्णतामान. पेटीचे नव्हे, पॅनेलचे नव्हे व हवेचेही नव्हे.

सेन्सर कोठे व कसा बसवावा

सेन्सरला वाटोळी कडी असल्यास ती बॅटरीच्या ऋण टोकाच्या बोल्टाखाली घट्ट बसवावी. कडी नसल्यास सेन्सर बॅटरीच्या बाजूस, मध्यावर, चिकटपट्टीने लावून वरून फोमचा तुकडा दाबावा, म्हणजे इंजिनाची गरम हवा त्यास फसविणार नाही. अनेक बॅटऱ्या शेजारी शेजारी असतील, तर मधल्या बॅटरीस तो लावावा; कारण तीच सर्वांत अधिक तापते. खाऱ्या हवेने सांधे गंजतात, म्हणून टोके साफ करून त्यांवर व्हॅसलीनचा हात द्यावा.

तार तुटली किंवा सांधा सैल झाला, तर थर्मिस्टरचा रोध अमर्याद वाढल्यासारखे होते. अशा वेळी पुष्कळ कंट्रोलर सेन्सर नाही असे समजून २५ अंशांचा हिशेब धरतात. पण साधा कंट्रोलर बॅटरी अतिशय थंड आहे असे समजून दाब वाढवू शकतो. म्हणून दर महिन्यास तार पाहणे अगत्याचे आहे.

ग्रामसेवकांसाठी प्रात्यक्षिक

हे प्रात्यक्षिक धक्क्यावर किंवा शेताच्या बांधावर सहज दाखविता येते. दोन भांडी घ्यावीत. एकात थंड व दुसऱ्यात हातास सोसेल इतके गरम पाणी घ्यावे. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आळीपाळीने दोन्ही भांड्यांत धरावा. कंट्रोलरवर आकडे दिसत असल्यास उष्णतामान बदललेले सर्वांस दिसेल. बॅटरी जवळजवळ भरलेली असेल व ऊन चांगले असेल, तर सेन्सर गरम पाण्यात असताना भरण्याचा दाब खाली आलेला मीटरवर दाखविता येईल. केवळ तोंडी सांगण्यापेक्षा हा आकडा हलताना पाहिल्यास प्रेक्षकांची खात्री लवकर पटते.

सेन्सरने काय साधत नाही

सेन्सर बसविला म्हणजे बॅटरीची जागा कशीही चालेल, असे नव्हे. बॅटरीचे उष्णतामान कायम दहा अंशांनी अधिक राहिले, तर तिचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. सेन्सर जादा दाबाची हानी टाळतो. उष्णतेची मूळ हानी टाळीत नाही. म्हणून बॅटरी इंजिनापासून दूर, सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत व पक्की बांधून ठेवावी. वायू बाहेर जाण्यास पेटीच्या वरच्या बाजूस वाट ठेवावी. समुद्राचे पाणी आत जाऊ देऊ नये. ते बॅटरीतील आम्लात मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी कितीही निर्मळ दिसले, तरी घालू नये.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या बॅटरीस वरील हिशेब लागू नाही. तिच्यासाठी कंट्रोलरमधील उष्णतेनुसार दाब बदलण्याची सोय बंद ठेवावी लागते. तेथे सेन्सरचे काम बॅटरी फार तापल्यास किंवा फार थंड झाल्यास वीज भरणे थांबविणे हे असते.

मासेमारी बंदीच्या काळात

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी, तिच्या तारा सोडाव्यात व ती घरात कोरड्या जागी ठेवावी. दर महिन्यास दाब मोजावा. विसावलेल्या पूर्ण बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट असतो, तो १२.४ च्या खाली गेल्यास पुन्हा भरावी. नारळी पौर्णिमेस बॅटरी मेलेली आढळते, ती बहुधा या दोन महिन्यांतील दुर्लक्षामुळेच.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. कंट्रोलर घेताना त्यास बाहेरून सेन्सर जोडण्याची सोय आहे की नाही, हे विचारून घ्यावे.
२. सेन्सर बॅटरीस चिकटूनच असावा.
३. बॅटरीची जात कंट्रोलरमध्ये बरोबर निवडावी.
४. सेन्सरची तार, आम्लाची पातळी व टोके दर महिन्यास तपासावीत.
५. काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा व जवळ विडी-काडी पेटवू नये.

नाखवा आपल्या जाळ्याची व शेतकरी आपल्या बैलाची जशी काळजी घेतो, तशीच बॅटरीची घेतली पाहिजे. ऊन फुकट मिळते. बॅटरी मात्र विकत घ्यावी लागते. थोड्या पैशांत मिळणारी ही तार बसविली, तर तो पैसा अकाली वाया जाणार नाही.